डोंगराचा घसारा
गोव्याच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अर्थमंत्री, गोवा राज्य, यांस



डिचोली तालुक्यातल्या एका पतसंस्थेत मी तेहतीस वर्षं हिशेब लिहिले. आता निवृत्त आहे. अर्थशास्त्राशी माझा संबंध बी.कॉम.च्या दोन पेपरांपुरता. पण जमा कशाला म्हणायचं आणि नावे कशाला, हे हाताला कळतं. दर वर्षी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला गेला की मी त्याचे कागद मिळवून वाचत बसतो. बायको म्हणते, नातवंडांची प्रगतीपुस्तकं कधी एवढ्या बारकाईने पाहिली नाहीत तुम्ही.

त्या कागदांत महसुली जमेच्या बाजूला एक ओळ असते, लेखाशीर्ष ०८५३. खाणींची रॉयल्टी आणि भाडं त्यात जमा होतं. शीर्षाचं नाव आहे ‘अलोह खनन आणि धातुकर्म उद्योग’. अलोह म्हणजे लोखंड सोडून बाकीचं. आणि आपल्या राज्यात या ओळीत जे पैसे येतात ते मुख्यतः लोहखनिजाचेच! यात आपला दोष नाही, सगळ्या राज्यांना हीच शीर्षं वापरावी लागतात. नावाची गंमत मी सोडून देतो. माझी तक्रार बाजूबद्दल आहे. ही रक्कम महसुली जमेत असायलाच नको.

का ते सांगतो. त्यासाठी २०१० सालच्या मे महिन्यात जावं लागेल.

पावसाळ्याआधीचे शेवटचे दिवस. पाऊस लागला की खाणीवरचं काम थांबणार, म्हणून जो तो ट्रिपा वाढवायच्या मागे. साखळी, डिचोली, पाळे, उसगाव, सगळ्या रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा. शाळेतली पोरं नाकाला रुमाल बांधून रस्त्याच्या कडेने चालायची. आमच्या संस्थेत तेव्हा ट्रकाच्या कर्जाखेरीज दुसरं काम नव्हतं. माझ्या टेबलावरच्या काचेवर सकाळी पुसलं तरी दुपारपर्यंत तांबडी साय चढायची. त्या वर्षीची खातेवही अजून उघडली तर पानांच्या कडा विटकरी दिसतील.

आमच्या वाड्यावरचा एक ट्रकवाला दुसऱ्या ट्रकासाठी कर्ज मागायला आला. पिशवीत ट्रिपांच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे, रबर लावलेले. मी त्याचं उत्पन्न मांडायला बसलो. भाडं इतकं, डिझेल इतकं, टायर, ड्रायव्हरचा पगार, विमा. शेवटी उरलेला आकडा पाहून तो खूश झाला. मी म्हटलं, थांब, अजून घसारा वजा करायचाय. त्याला घसारा ठाऊक नव्हता. मग समजावलं: ट्रक रोज थोडा थोडा झिजतोय. आज हातात येणाऱ्या पैशांत थोडा तुझा ट्रकच आहे, तुकड्या-तुकड्याने विकला जाणारा. तेवढा भाग बाजूला ठेवला नाहीस तर ट्रक भंगारात जाईल तेव्हा नवा घ्यायला दमडी नसेल, आणि इतकी वर्षं कमाई वाटत होती ते भांडवल खाणंच होतं. आयकर खातंही भाड्याने चालणाऱ्या ट्रकावर ३० टक्के घसारा मान्य करतं.

त्याने ऐकून घेतलं. मग खिडकीतून बाहेर, अर्ध्या कापलेल्या टेकडीकडे हात करून म्हणाला, “ट्रकाक घसारो लायतात, मागीर दोंगराक कोण लायता?”

ट्रकाला घसारा लावता, मग डोंगराला कोण लावतं? मी हसलो होतो. पण त्या प्रश्नाचं उत्तर मी पुढची पंधरा वर्षं शोधतोय.

देशाचा हिशेब लिहिणारे लोक स्थूल उत्पन्नातून घसारा वजा करून निव्वळ उत्पन्न काढतात. पण तो घसारा यंत्रांचा, इमारतींचा, पुलांचा. खनिजाचा साठा कमी झाला म्हणून एक रुपयाही वजा होत नसे. डोंगर खणायचा पोकलेन झिजला तर देश तेवढा गरीब झाला असं वही म्हणते. त्या पोकलेनने अख्खा डोंगर नाहीसा केला तर वही म्हणते, श्रीमंत झालो. तेजीच्या वर्षांत दरडोई उत्पन्नात गोवा देशात वरच्या रांगेत मिरवत होता. त्या आकड्यात डोंगर किती होता, हे कुणी वेगळं काढून दाखवलं नाही.

खनिज म्हणजे उत्पन्न नव्हे, साठवण आहे. भात दर वर्षी येतं, मासळी राखली तर दर वर्षी मिळते, काजू दर वर्षी लागतो. खनिज एकदाच. ते विकणं म्हणजे आजोबांनी ठेवलेली जमीन विकणं. जमीन विकू नये असं मी म्हणत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी, घरासाठी लोक विकतात. पण विकलेल्या जमिनीचे पैसे पगार म्हणून कुणी लिहीत नाही. आणि बियाण्याचं भात कांडून खाल्लं तर त्या वर्षी पोट भरतं, हेही खरंच आहे.

आपल्याकडे काय झालं ते आपणास माहीत आहे, पण हिशेबाच्या क्रमाने मांडतो. पोर्तुगीज अमलात खाणींच्या सनदा वाटल्या गेल्या. १९५० च्या दशकात जपानला पोलाद हवं होतं, आपला उत्तम प्रतीचा दगड तिकडे गेला. वरवरचा, चांगला, सहज निघणारा माल आधी संपला. मग खोल जावं लागलं. गोव्यात एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती उपसावी लागते असं सर्रास सांगितलं जातं. त्या मातीचे डंप आज तालुक्याचे नवे डोंगर झाले आहेत. झीज म्हणतात ती ही अशी: साठा कमी होतो, प्रत उतरते, टनामागचा खर्च चढतो आणि नंतरच्या पिढीच्या वाट्याला हलका माल नि जड भोक येतं. २००० नंतर चीनला हलका मालही चालू लागला आणि सगळ्यांचे पाय जमिनीवरून सुटले. २०१०-११ मध्ये गोव्यातून वर्षाला ५ कोटी टनांच्या पुढे निर्यात गेली. नंतर सर्वोच्च न्यायालयाने हंगामी मर्यादा घातली ती वर्षाला २ कोटी टनांची. म्हणजे अडीच वर्षांचा माल एका वर्षात गेला, आणि तोही सर्वांच्या डोळ्यांदेखत, मांडवीतून बार्जेसच्या रांगांनी, मुरगावपर्यंत.

आता त्या मालाचं मालकाला काय मिळालं? मालक म्हणजे राज्य. म्हणजे आपण आणि मी. ऑगस्ट २००९ पर्यंत रॉयल्टी टनाला ठरावीक रुपयांत होती. बाजारात भाव कितीही चढो, मालकाला तेवढेच. नंतर ती किमतीच्या १० टक्के झाली, २०१४ मध्ये १५. हा भाव योग्य होता की नाही ते कळायला २०२२ चा डिसेंबर उजाडावा लागला. खाणपट्ट्यांचा पहिल्यांदा लिलाव झाला तेव्हा डिचोलीच्या ब्लॉकसाठी खनिजाच्या किमतीच्या ६० टक्क्यांहून वर बोली लागली, आणि ती रॉयल्टीखेरीज. काही ब्लॉकना त्याहूनही पुष्कळ वर. बोली लावणारे काही धर्मादाय काढून बसलेले नाहीत. एवढं देऊनही परवडेल असं त्यांना वाटतं, तर त्याआधीच्या वर्षांत तो फरक कुणाच्या खिशात गेला? मी वर्षानुवर्षं दहा-दहा हजारांच्या ठेवी मोजल्या आहेत. हा फरक मोजायला बसलो की शून्यांत गोंधळतो.

न्या. एम. बी. शहा आयोगाने बेकायदा खाणकामापायी झालेलं नुकसान सुमारे ३५,००० कोटी रुपये धरलं. त्या आकड्यावर खाणवाल्यांनी आक्षेप घेतले, वाद झाले. तो निम्मा करा, माझी हरकत नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. पूर्ण आकडा धरला तर माणशी २ लाख ४० हजार, निम्मा धरला तर १ लाख २० हजार. त्यात पाळण्यातलं मूलही आलं. पाच माणसांच्या घराचा एक ट्रक सहज गेला, तो रांगेत कधी उभाच न राहता.

पण चोरीबद्दल बरंच लिहून झालंय, मला तिच्यापुढचं म्हणायचं आहे. समजा चोरी झालीच नाही. सगळं कायदेशीर, सगळी रॉयल्टी चोख जमा. तरीही आपली वही चुकीचीच राहते.

जागतिक बँकेत सालाह एल सेराफी नावाचे एक अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९८० च्या दशकात एक साधी रीत सांगितली. खनिजाच्या विक्रीतून खर्च जाऊन १०० रुपये उरले, तर त्यातले किती बाजूला गुंतवावेत, म्हणजे साठा संपल्यानंतरही उरलेल्याइतकीच मिळकत व्याजातून येत राहील? बाजूला ठेवायचं ते भांडवल, उरलेलं ते खरं उत्पन्न. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. व्याज ५ टक्के धरा. साठा २० वर्षं पुरणार असेल तर शंभरातले ३६ बाजूला, ६४ खायला. साठा १० वर्षांतच संपणार असेल तर ५८ बाजूला आणि खायला फक्त ४२.

यातली मेख पाहा. उपसा दुप्पट केला की साठ्याचं आयुष्य निम्मं होतं आणि प्रत्येक रुपयातलं खरं उत्पन्न घटतं. म्हणजे ज्या वर्षी तिजोरीत सर्वांत जास्त पैसे आले, त्या वर्षी हात सर्वांत जास्त आखडायला हवा होता. आपण नेमकं उलट केलं. आपण म्हणजे सरकारं सगळीच, पक्ष कुठलाही असो. आणि मीही. तेजी बघून मी त्या ट्रकवाल्याचं दुसरं कर्ज मंजुरीला पाठवलं होतं. घसारा समजावून सांगितला, आणि डोंगर किती वर्षं पुरणार ते न विचारता कर्ज मात्र दिलं.

पुढचं झटपट सांगतो, कारण ते आठवताना अजून त्रास होतो. सप्टेंबर २०१२ मध्ये आधी राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने. एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की लीजांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती. लगोलग ८८ लीजांचं नूतनीकरण झालं. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेही रद्द ठरलं आणि मार्चमध्ये पुन्हा सगळं थंड. त्या काळात मी संस्थेत थकबाकीची पत्रं लिहीत होतो. ज्यांना लिहायची ते शेजारी, भाचे, शाळासोबती. कुणी ट्रक वजनावर विकला. धक्क्याला लागलेल्या बार्जेस गंजून तशाच उभ्या राहिल्या. खनिज संपलं नव्हतं, फक्त थांबलं होतं. आणि तेवढ्यानेच सगळा तालुका आजारी माणसासारखा बसून राहिला. खरंच संपेल तेव्हा काय होणार, त्याची ती रंगीत तालीम होती असं मी धरतो.

शिवाय जे कुठल्याच वहीत आलं नाही ते वेगळंच. शिरगावात खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या, पाणी उपसून बाहेर टाकलं आणि गावच्या विहिरी आटल्या. गावाला कोर्टाची पायरी चढावी लागली. लईराईच्या जत्रेला राज्यभरातून लोक ज्या गावात येतात, त्या गावाची ही गत. पिसुर्ल्यासारख्या ठिकाणी शेतांत खाणीचा गाळ साचला. माझ्या मामाचं एक खाचर होतं, दोन-अडीच खंडी भात द्यायचं. गाळ आल्यावर नुकसानभरपाई म्हणून चेक आला. त्याने तो आमच्याच संस्थेत भरला, मीच पावती फाडली. उत्पन्न, असं लिहिलं. शेत गेल्याची नोंद करायला आमच्याकडे रकानाच नव्हता.

कुणी म्हणेल, सरकारने त्या पैशांतून रस्ते, शाळा, इस्पितळं बांधली, म्हणजे एका भांडवलाचं दुसरं भांडवल केलं. युक्तिवाद चुकीचा नाही. जॉन हार्टविक यांनी १९७७ मध्ये हेच मांडलं होतं की खनिजाचा सगळा मोबदला टिकाऊ भांडवलात गुंतवला तर पुढच्या पिढीचं नुकसान होत नाही. पण त्यातला ‘सगळा’ हा शब्द महत्त्वाचा. आणि गुंतवला हे दाखवता आलं पाहिजे. महसुली जमेत पडलेला पैसा पगार, पेन्शन, व्याज आणि योजनांच्या पाण्यात मिसळतो. त्यातला कुठला थेंब डोंगराचा, हे नंतर कुणाला सांगता येणार?

नाऊरूची गोष्ट आपण ऐकली असेल. प्रशांत महासागरातला २१ चौरस किलोमीटरचा देश, आपल्या एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीएवढा. फॉस्फेट विकून १९७० च्या दशकात माणशी उत्पन्नात जगातल्या पहिल्या काहींत. त्यांनी निधीही उभारला होता, पण तो नको तिथे उधळला. लिओनार्दो दा विंचीवर लंडनमध्ये काढलेल्या एका संगीत नाटकातही पैसे घातले, आणि ते पडलं. फॉस्फेट संपलं तेव्हा बेटाचा मधला भाग खडकांचे सुळके उरलेला आणि तिजोरी रिकामी. नुसता निधी काढून भागत नाही हे त्यांच्याकडून शिकावं. निधीला कुलूप लागतं आणि किल्ली एकाच्या हाती असून चालत नाही. दुसरीकडे नॉर्वेने १९९० मध्ये कायदा केला, १९९६ मध्ये तेलाच्या पैशांचा पहिला हप्ता निधीत टाकला. आज त्या निधीतून अपेक्षित खऱ्या परताव्याएवढंच काढायचं असा दंडक आहे. नॉर्वे श्रीमंत म्हणून त्याला जमलं, असं म्हणायची आपल्याकडे सवय आहे. गरिबाला जमीन विकल्यावर पैसे जपायची गरज श्रीमंतापेक्षा कमी असते का?

आपल्याकडे कागद कमी नाहीत. २०१४ च्या निकालात न्यायालयाने गोव्याच्या लोहखनिजासाठी कायम निधीची कल्पना मान्य केली आणि विक्रीच्या १० टक्के रक्कम त्यात घालायला सांगितलं. २०१५ पासून खाणबाधित भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली. केंद्राचं २०१९ चं राष्ट्रीय खनिज धोरण तर स्पष्ट म्हणतं की खनिजं हा सर्वांचा सामाईक वारसा आहे, राज्य त्याचं विश्वस्त आहे, आणि काढलेल्या खनिजाचं पूर्ण मूल्य राज्याला मिळावं असा प्रयत्न असावा. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने सांगितलं की रॉयल्टी हा कर नव्हे. खनिज काढण्याच्या हक्काबद्दल मालकाला मिळणारा तो मोबदला आहे. आमच्यासारख्या वहीवाल्यांना यातून एवढंच कळतं: ती मालमत्तेची किंमत आहे, तर ती भांडवली बाजूला लिहा. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने राष्ट्रीय लेख्यांची नवी पद्धत मान्य केली, तीत नैसर्गिक साठ्याची झीज उत्पादनाचा खर्च म्हणून धरायची आहे. ट्रकवाल्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जगाला एवढा वेळ लागला.

तर माझं मागणं असं आहे. लेखाशीर्षं बदलणं आपल्या हाती नाही, हे मान्य. पण अर्थसंकल्पासोबत आपण डझनभर पुरवण्या देता, त्यात एक पान आणखी द्या. वर्षाच्या सुरुवातीला राज्यात लोहखनिज किती होतं, किती काढलं, नवं किती सापडलं, शेवटी किती उरलं. किराणा दुकानदारही मार्चअखेर एवढं करतो. त्याच पानावर, काढलेल्या मालाचा खर्च आणि रास्त नफा सोडून किती मोल झालं आणि त्यातलं राज्याकडे किती आलं, तेही. आलेली सगळी रक्कम, रॉयल्टी आणि लिलावाची बोली धरून, कायम निधीत जावी. १० टक्के नव्हे. महागाई वजा जाता जे व्याज उरेल ते सरकारने खुशाल खर्चावं, किंवा प्रत्येक गोवेकराच्या खात्यात सारखं टाकावं. तिजोरीला एकदम झेपणार नाही हे मला कळतं. मग टप्पे करा, पण टप्पे जाहीर करा.

खाणी बंद ठेवा असं सांगायला मी हे लिहीत नाही. माझा एक भाचा एप्रिल २०२४ मध्ये डिचोलीचा ब्लॉक सुरू झाला तेव्हापासून पुन्हा कामावर जातो. त्याची चूल पेटते याचा मला आनंद आहे. पण तो तिशीत आहे, आणि त्याची मुलगी बालवाडीत. ती कामाला लागेल तेव्हा त्या ब्लॉकमध्ये किती टन उरलेले असतील, एवढं तरी तिच्या बापाला आज कुणीतरी सांगायला हवं. हीच गोष्ट गडचिरोलीत सूरजागडचा डोंगर उतरवणाऱ्यांनाही लागू आहे. तिथे माल नुकता कुठे भरभरून निघू लागलाय. आमची वही त्यांना उपयोगी पडेल.

पत्र लांबलं, क्षमा असावी. हिशेबाच्या माणसाला थोडक्यात लिहिता येत नाही.

आपला,
डिचोली तालुक्यातला एक निवृत्त हिशेबनीस

ता. क. – काही वर्षांपूर्वी याच विषयावर एका कार्यालयाला मी छोटं पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं की ‘आपले पत्र योग्य त्या खात्याकडे पाठवण्यात आले आहे’. ते ०८५३ मध्ये गेलं असल्यास कृपया काढून घ्यावं.